द्वारकेची सुपारी

बब्रुवान डायवरला एसटीतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण ही बातमी त्याच्या उजव्या पायाला अजून कुणी कळवलेली नाही. ओट्यावर चहा पीत बसलेला असताना समोरच्या रस्त्यानं एखादं शेरडू आडवं गेलं, की ह्याचा पाय फरशीवर दाबलाच जातो. सगळ्या तेर गावाला हे ठाऊक आहे, आणि तेरची माणसं असल्या गोष्टी वाया जाऊ देत नाहीत. "डायवर, लागला का ब्रेक?" असं येता-जाता विचारतात. तो हसतो. पाय काही ऐकत नाही.

एकतीस वर्षं त्यानं गाडी चालवली. धाराशिव आगारातून लातूर, बार्शी, पुणे, आणि खेड्यापाड्यांतल्या मुक्कामी गाड्या. एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा मेली नाही, असं लोक सांगतात. कोंबडीचं खरंखोटं देव जाणे, पण माणूस मात्र एकही दुखावला नाही, ही कागदावरची गोष्ट आहे. त्याबद्दल बिल्ला मिळाला होता. तो बिल्ला बब्रुवान कुणाला दाखवत नाही, कारण दाखवायची वेळच येत नाही. "बब्रुवानची गाडी हाय न्हवं, मग झोपा निवांत" म्हणत म्हातारीकोतारी माणसं त्याच्या गाडीत डोळे मिटायची आणि आपापल्या गावाला उघडायची. त्याची कमाई विचाराल तर एवढीच, आणि ती थोडी नव्हती.

असा माणूस घरात कसा बसणार? सकाळी साडेसहाला अंघोळ करून तो स्टँडवर जातो. कुठल्या गाडीच्या मागच्या टायरात हवा कमी आहे, कुठल्या गाडीचा क्लच घसरतोय, हे कुणी न विचारता सांगतो. परत येतो. पेपर उघडतो, मिटतो. शेतात जाऊन धाकट्या भावाला दोन सूचना करतो. भाऊ म्हणतो, "दादा, तुमी घरी जावा, ऊन व्हतंय." की पुन्हा घरी. त्याची बायको कस्तुराबाई म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी हाय. एका जागी बसायचं म्हंजे तुमाला शिक्षाच."

या भिंगरीवर उपाय काढला तो शेजारच्या हिंमतराव गुरुजींनी. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ते म्हणाले, "बब्रुवान, तू चालव, आम्ही बसतो." तेव्हापासून मे महिन्यात गल्लीतल्या चार घरांची नऊ माणसं सहलीला निघू लागली. गाडी तेरा सीटांची, बंडप्पा किराणावाल्याच्या जावयाची, कळंबहून यायची. जागा पुरुषांनी ठरवायची. एका वर्षी गोकर्ण झालं, एका वर्षी गणपतीपुळे. तिसऱ्या वर्षी पुरुषांनी डोकं चालवलं आणि हंपी ठरवलं. मे महिन्यात हंपी! आपल्याकडचं ऊन कमी पडलं म्हणून दुसऱ्याच्या दगडांवरचं खायला गेले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. बंडप्पाची चप्पल तापल्या दगडाला चिकटून तिचा अंगठा तुटला, आणि त्याच दगडावर उभं राहून त्याच्या बायकोनं, उमाबाईनं, जाहीर केलं की इथून पुढं जागा बायका ठरवतील. पुरुषांनी मुकाट्यानं मान हलवली.

गेल्या उन्हाळ्यात मात्र सहल झालीच नाही. कस्तुराबाईला ऊन लागलं.

तिच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे. दुपारी भाकऱ्या थापता थापता ती कलंडली. बब्रुवान तेव्हा स्टँडवर दुसऱ्याच्या टायरात हवा बघत होता. चार दिवस धाराशिवच्या दवाखान्यात सलाईन चाललं. उठली, घरी आली, पण उन्हाळ्याचा तिनं धसका घेतला तो घेतलाच. यंदा फाल्गुन लागला तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पदर भिजवून डोक्यावर घेते, तो वाळला की पुन्हा भिजवते. सकाळी पहिला प्रश्न, "आज किती जाणार हाय?" आकडा ऐकला की गप्प होते. तक्रार करणारी बाई ती नव्हेच. नवऱ्याच्या नोकरीत मे महिना म्हणजे जादा गाड्या. एकतीस उन्हाळे तिनं एकटीनं काढले आणि कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यात तिच्या उशाशी बसून बब्रुवान म्हणाला होता, "पुढच्या उन्हाळ्यात तुला गार वाऱ्याला नेतो. म्या सोता नेतो." नोकरीभर बायकोला आपण एकदाही कुठं घेऊन गेलो नाही, जगाला मात्र पोचवत राहिलो, हे त्याला त्या खाटेजवळ पहिल्यांदा कळलं आणि फार लागलं.

आणि मग मार्च महिना आला.

डावीकडचं दार त्याच्या खांद्याला लागायला लागलं होतं. आधी एकदा, मग दोनदा. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो सोलापूरला गेला. डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. बब्रुवान ठिपक्याची वाट बघत बसला. ठिपके येत होते म्हणे, ह्याला दिसत नव्हते. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली होती, उजव्याचीही कडेनं कमी होत चालली होती. "समोरचं दिसतं म्हणून तुम्हाला कळलं नाही," बाई म्हणाल्या. "गेलेली नजर येणार नाही. राहिलेली थेंबांनी टिकवायची. आणि गाडी आजपासून बंद."

घरी येऊन त्यानं सांगितलं, "नंबर बदललाय." फाईल पेटीत धोतरांच्या तळाला ठेवली. थेंब घालताना कस्तुराबाईनं विचारलं तर म्हणाला, "डोळे चुरचुरतात." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ते पहिल्याच वाक्यात उघडं पडतं, पण ती सवय नसल्यामुळेच त्याच्यावर संशय कुणी घेत नाही.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी गुरुजींच्या ओट्यावर बैठक बसली. पन्हं आलं. गुरुजींनी वही काढली. गुढीपाडव्यापासून रोज दुपारी बारा वाजता त्यांनी मोबाइलवर आठ गावांची हवा बघून टिपून ठेवली होती. शाळा सुटली तरी गुरुजींचं हजेरीपुस्तक सुटलं नव्हतं.

"तेर," गुरुजींनी सुरुवात केली, "काल बेचाळीस."

"ते आमच्या पाठीला ठाऊक हाय. पुढं बोला," उमाबाई म्हणाली.

"महाबळेश्वर एकतीस. पण तिथं सध्या माणसापेक्षा मोटारी जास्त आहेत. गाडीतच बसून परत यायचं असेल तर जाऊ. गोवा चौतीस."

"मग गोवा धरा की," बंडप्पा म्हणाला. "न्हायतर गोकर्ण पुन्हा."

"चौतीस दिसतं, पण दमट. घाम वाळत नाही. बसल्या जागी पाझरायचं."

गणपतीपुळ्याला आपण असेच पाझरलो होतो, याची बायकांनी एकमेकींना आठवण करून दिली, आणि दक्षिणेचा समुद्र तिथंच निकालात निघाला. मग गुरुजींनी वहीचं पान उलटलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. वर्गात अवघड गणित सांगण्याआधी बघायचे तसे.

"आता वरचा समुद्र. सौराष्ट्राचा."

"गुरुजी, वर गेलं की गरमी वाढती," बंडप्पा म्हणाला. "नागपूर वरच हाय की."

"नागपूरला समुद्र आहे का, बंडप्पा?"

"न्हाय."

"मग गप्प बस. हे बघा, टोकाला दीव आहे. तेहतीस."

दीवचं नाव निघाल्यावर बंडप्पा सावरून बसला. उमाबाईनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. "दीवला बाटली मिळती ते मला ठाऊक हाय. तुमचं गरम व्हायचं थांबंल, आमचं सुरू व्हईल. पुढं जावा गुरुजी."

"पुढं द्वारका. पार नाकाच्या शेंड्यावर. तीन बाजूंनी पाणी आणि दिवसभर वारा. बत्तीस."

आतापर्यंत कस्तुराबाई खांबाला टेकून बसली होती, काही बोलली नव्हती. तिनं विचारलं, "बत्तीस? सकाळचं का?"

"दुपारी बाराचं, वहिनी."

"दुपारी बाराला बत्तीस," ती स्वतःशीच म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून, "मग तितंच जाऊ."

त्यात देव आहे, समुद्र आहे, वारा आहे, आता आणखी काय पाहिजे, असं म्हणत बायकांनी पन्ह्याचे पेले खाली ठेवले. गुरुजींनी रेल्वेचंही बघून ठेवलं होतं. मेअखेरपर्यंत एकही जागा नव्हती. "पण आपल्याला रेल्वे कशाला?" ते म्हणाले. "बाराशे किलोमीटर. वाटेत दोन मुक्काम. आपला बब्रुवान आहे."

आठ माणसांनी बब्रुवानकडे बघितलं. त्यातली डावीकडची तीन त्याला दिसली नाहीत, पण ती बघतायत हे कळलं.

इथं या मंडळींची एक रीत सांगायला हवी. पहिल्या वर्षी ऐन वेळी दोन घरं गळायला लागली होती, म्हणून बंडप्पानं युक्ती काढली. सोयरीक जुळली की सुपारी फोडतात, तशी सहलीचीही फोडायची. गाडी चालवणाऱ्यानं अडकित्त्यानं सुपारी फोडून प्रत्येकाच्या पानात खांड घालायचं. एकदा चावली की माघार नाही. दुखणं आलं तर गोष्ट वेगळी. गंमत म्हणून सुरू झालं, पण तीन वर्षांत त्याला लग्नाच्या सुपारीइतकं वजन आलं होतं.

बंडप्पानं अडकित्ता पुढं केला. बब्रुवाननं तो हातात घेतला. 'आत्ता बोल' असं आतून कुणीतरी ओरडत होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण समोर कस्तुराबाई बसली होती, आणि बत्तीस हा आकडा ऐकल्यापासून तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. वर्षभरानं त्यानं ते कपाळ असं सपाट बघितलं. कट्ट आवाज झाला. सुपारी फुटली.

पुढचे बारा दिवस या माणसानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. तो सकाळी उठून मान डावीकडे वळवून चालायची तालीम करायला लागला. मान पुरती वळवली की डावीकडचं दिसतं. मग गाडीतही सारखी वळवत राहायची, त्यात काय एवढं? ओट्यावर बसून उजवा डोळा हातानं झाकायचा आणि समोरच्या घराचे खांब मोजायचा. चार खांब आहेत. कधी दोन भरायचे, कधी अडीच. मग हात काढून चार मोजायचा आणि स्वतःला सांगायचा, भरतायत की चार. जेवताना उठायचा. आडवा झाला की कूस बदलायचा, कूस बदलली की उठून पाणी प्यायचा. स्टँडवर जाऊन दहा मिनिटांत परत यायचा. कस्तुराबाईला वाटलं, लांबच्या प्रवासाची हुरहूर असेल. तिलाही होतीच. तिनं वाळूत चालायला रबरी चपला आणल्या होत्या आणि त्या घरात घालून बघत होती.

निघायच्या तीन दिवस आधी गाडी कळंबहून आली. बब्रुवान सकाळी सातला एकटाच 'ट्रायल' घ्यायला निघाला. लांबच्या मार्गावर जाण्याआधी गाडी दहा-वीस किलोमीटर पळवून बघायची, ही त्याची जुनी पद्धत. सीटवर बसला, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं अंग शांत झालं. गिअर बरोबर पडले. तेरणा नदीचा पूल गेला. समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता. त्याला हसू आलं. डॉक्टर लोक घाबरवतात, तो म्हणाला. आणि हे म्हणण्याच्या आनंदात मान वळवायची राहिली.

त्यानं काही बघितलं नाही. फक्त डाव्या आरशाला काहीतरी खसकन घासून गेल्याचा आवाज आला आणि मागून बाईची किंकाळी ऐकू आली.

गाडी थांबवून तो पळत मागं गेला. रस्त्याच्या कडेच्या चारीत कडवळाच्या वैरणीचा भारा पडला होता आणि त्याच्या शेजारी एक म्हातारी बसून कोपराची माती झटकत होती. भाऱ्याला आरसा लागला होता, बाईला नाही. वीतभराचा फरक.

"आंधळा हायस का रं मुडद्या!" म्हातारी ओरडली. "एवढी मोठी बाई दिसंना व्हय तुला? कुनाचा हायस तू, थांब, तुझ्या..." तिनं कपाळावर हात धरून वर बघितलं आणि तिची जीभ जागच्या जागी थांबली. "बब्रुवान डायवर? तुमी हाय व्हय?"

ती बानूबाई होती. मंगळवारच्या बाजाराला वीस वर्षं त्याच्याच गाडीनं गेलेली.

"बानूबाई, लागलं का? दवाखान्यात चला," बब्रुवान चारीत उतरून म्हणाला.

"काय लागलं न्हाय. आवो, माझंच चुकलं." तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. शिव्या दिल्याची तिला लाज वाटत होती. "तुमची गाडी म्हंजे माझंच चुकलं. म्याच मधी आले असंन. म्हातारपन, दुसरं काय. कुनाला सांगू नगा, लेक रागवंल."

"तुमी कडेनं चालला हुता, बानूबाई. माझं चुकलं."

"छ्या! तुमचं कसं चुकंल?" ती त्याची समजूत काढत म्हणाली.

त्यानं भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. ती चालायला लागली. बब्रुवान चारीच्या कडेला बसला आणि रडला. मेली असती तरी गावानं तिचीच चूक धरली असती. बब्रुवानच्या गाडीखाली येते म्हणजे बाईच मधे आली असणार. एकतीस वर्षांत कमावलेलं सगळं नाव त्या म्हातारीवर जाऊन पडलं असतं आणि वर ते नाव स्वच्छच राहिलं असतं. त्याला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती. गाडी कुणाला तरी परत न्यायला सांगावी तर आसपास कुणी नव्हतं. रिकाम्या रस्त्यावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दर दहा हातांवर मान वळवत, त्यानं ती घरी आणली. पाच किलोमीटरला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला.

संध्याकाळी उन्हं उतरताना गुरुजींच्या ओट्यावर सगळे जमले होते. उमाबाई शेंगाची चटणी कुटत होती, कस्तुराबाई परातीत धपाट्यांचं पीठ चाळत होती. वाटेत कुठं थांबायचं यावरून गुरुजी आणि बंडप्पा वाद घालत होते. बब्रुवान पायरीवर उभा राहिला. बसला नाही.

"मला डाव्या अंगाचं दिसत न्हाय," तो म्हणाला. "मार्चपासनं. डॉक्टरनं गाडी बंद करा म्हनलंय. आज सकाळी बानूबाई माझ्या गाडीखाली येता येता वाचली."

खलबत्त्याचा आवाज थांबला.

गुरुजींनी सावकाश चष्मा काढला. "सुपारी फोडलीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आमच्या बायका मागं बसणार, तुझी बायको मागं बसणार, आणि तुला माहीत होतं?"

"व्हय, गुरुजी."

गुरुजी उठून आत गेले, पुन्हा बाहेर आले. रागानं त्यांचे ओठ हलत होते पण शब्द सापडत नव्हते. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाची ही गत झाली. शेवटी ते एवढंच म्हणाले, "तुझ्या गाडीत मी डोळे मिटून झोपतो रे." आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बंडप्पानं दुसऱ्या ड्रायव्हरांची नावं काढून बघितली. पण बाराशे किलोमीटर परक्या हातात जायला उमाबाई तयार होईना, आणि जावईही गाडी बब्रुवानशिवाय कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हता. फोनवरून त्यानं तसं स्पष्ट सांगितलं. अर्ध्या तासात द्वारका संपली. कस्तुराबाईनं हाताचं पीठ परातीत झाडलं, उठली, आणि कुणाकडे न बघता घरी गेली.

बब्रुवान मागोमाग गेला. ती पत्र्याखाली चुलीपाशी बसली होती. पत्रा अजून भाजत होता.

"तुझी द्वारका गेली," तो दारातून म्हणाला.

"द्वारका कुटं जातीय? हाय तितंच ऱ्हाईल." तिचा आवाज फाटला होता. "तुमचा डोळा गेला. आन् ते मला गल्लीसंगं कळलं."

त्याला वाटलं होतं, ती सहलीसाठी रडेल. ह्याची त्यानं तयारीच केली नव्हती.

"एकतीस उन्हाळे म्या एकटीनं काढले, अवो. एका शब्दानं बोलले न्हाय. आन् आता तुमी घरात असून मला पुन्हा एकटीलाच ठिवलं? फाईल कुटं लपवली?"

"पेटीत."

"थेंबं किती वाजता घालायची असत्यात?"

"दोन टायमाला. रोज."

"रोज घातली का?"

तो बोटं मोजायला लागला. चार-पाच वेळा चुकली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"तुला म्हनलं हुतं," तो म्हणाला, "म्या सोता नेतो म्हनून."

"म्या वारा मागितला हुता," कस्तुराबाई म्हणाली. "डायवर मागितला न्हवता."

बब्रुवान तिथंच उंबऱ्यावर बसला. मग ती उठली, पेटी उघडून फाईल काढली, थेंबांची बाटली हातात घेतली आणि म्हणाली, "मान वर करा." थेंब घालून झाल्यावर पदरानं त्याचा गाल पुसला. "सुपारी म्याबी खाल्लीय. म्या जानार. तुमाला यायचं आसंल तर या."

"कशानं जानार?"

"एसटीनं. धाराशिव, तितनं नाशिक, तितनं सुरत. पुढं गुजरातच्या बी गाड्या हायत्या. गावं गुरुजींच्या तोंडून ऐकलीत, गाड्यांचं उमाबाईच्या मोबाइलवर इचारून घेते."

"एवढ्या लांब? तुला गर्मी सोसंल का बसमधी?"

"गाड्या रातच्या धरायच्या. दिवसा धर्मशाळा. वाट इचारायला तोंड हाय मला."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दोघं स्टँडवर आली. एक पिशवी कपड्यांची, एक धपाट्यांची. बंडप्पा आणि उमाबाई येणार नव्हते; उमाबाईनं चटणीचा डबा आणि हजार सूचना पाठवल्या होत्या. चौथ्या घरानं तर निरोपही पाठवला नाही. बाकावर मात्र हिंमतराव गुरुजी बसले होते. शेजारी त्यांची बायको, दोन बॅगा, छत्री आणि वही.

"मी तुझ्यासाठी आलेलो नाही," बब्रुवान जवळ येताच गुरुजी दुसरीकडे बघत म्हणाले. "मी सुपारी खाल्लेली आहे. आणि सुरतेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस."

"बरं," बब्रुवान म्हणाला.

"द्वारका आज एकतीस आहे, वहिनी," गुरुजींनी कस्तुराबाईला सांगितलं.

धाराशिवची गाडी लागली. ड्रायव्हर ओळखीचा होता, बब्रुवानच्या हाताखाली शिकलेला. त्यानं खिडकीतून हाक मारली, "मामा, या, हितं पुढं बसा माझ्यापशी!" बब्रुवाननं हात हलवून नको म्हटलं. माणसं चढत होती. गुरुजी चढले, त्यांची बायको चढली, कस्तुराबाई पिशव्या घेऊन चढली.

बब्रुवान दारापाशी आला आणि अडला. एकतीस वर्षं तो गाडीत चढला होता तो उजव्या अंगाच्या, ड्रायव्हरच्या दारानं. प्रवाशांच्या पायरीची त्याच्या पायाला सवय नव्हती, आणि डाव्या अंगाला ती नीट दिसतही नव्हती. त्यानं पाय उचलून टाकला तो हवेतच राहिला. दुसऱ्यांदा टाकला, तो पत्र्याला लागला. स्टँडवरच्या माणसांचं बोलणं बंद झालं. चहावाला, पेपरवाला, कंट्रोलर, सगळे बघत होते. त्याचे कान तापले. आयुष्यात त्याला कधी कुणी गाडीत चढवलं नव्हतं.

वरून कस्तुराबाईनं खाली वाकून हात पुढं केला. घाई केली नाही. सगळ्या तेरच्या देखत तो हात तसाच पुढं राहिला.

त्यानं तो धरला.